पुढचा ट्रेलर हायड्रोजनचा घ्यावा का? नाशिक ते न्हावा शेवा हिशोब

द्राक्षवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आडगावला आमचा वाहतुकीचा धंदा आहे. जानेवारी ते एप्रिल निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधून द्राक्षांचे रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर न्हावा शेव्याला, उरलेलं वर्ष अंबड-सातपूरचा माल आणि कांदा. दोन जुने ट्रेलर आता काढायला झालेत. त्यांच्या जागी काय घ्यायचं यावरून घरात आणि आमच्या लाइनमधल्या मंडळींत सध्या एकच विषय चालू आहे.

मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सने १६ हायड्रोजन ट्रकांची चाचणी सुरू केली, २४ महिन्यांची. मुंबई, पुणे, दिल्ली परिसर, सुरत, वडोदरा, जमशेदपूर, कलिंगनगर या पट्ट्यांत ते फिरणार. त्यातले काही ट्रक हायड्रोजन थेट इंजिनात जाळतात, काही फ्युएल सेलमध्ये त्याची वीज करून मोटर फिरवतात. त्याच महिन्यात केंद्राने ३७ बस-ट्रक आणि ९ हायड्रोजन पंपांच्या प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये रिलायन्स आणि अशोक लेलँडने हायड्रोजन इंजिनाचा ट्रक दाखवला होता. म्हणजे गोष्ट नुसत्या बोलण्याच्या पुढे गेलेली आहे.

माझं मत आधीच मांडतो. कार आणि स्कूटरसाठी हायड्रोजनची गरज नाही, तिथे बॅटरीने बाजी मारलेली आहे. पण चाळीस टनांची गाडी, त्यात थंड ठेवायचा माल, बंदराच्या गेटवर तासन् तास थांबणं, अशा कामाला हायड्रोजन बसेल असं मला मनापासून वाटतं. टाकी पंधरा-वीस मिनिटांत भरते, धूर नाही. निर्यातदारही आता वाहतुकीच्या प्रदूषणाचा हिशोब विचारायला लागलेत.

आमचे आकडे असे: भरलेला ट्रेलर लिटरला तीन, फार तर साडेतीन किलोमीटर. येऊन-जाऊन सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे १२० लिटर धरा. रीफरला वीज देणाऱ्या जेनसेटचं (छोट्या जनरेटरचं) डिझेल वेगळं, तासाला दोन-तीन लिटर. जाणकारांनी या आकड्यांवर बोलावं, ही विनंती.

मीटररीडिंग

आकडे दिलेत ते फार बरं केलंत दादा, नाहीतर या विषयावर सगळे हवेत बोलतात.

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, एक किलो डिझेलमध्ये १२ च्या आसपास. वजनाच्या मानाने हायड्रोजनला तोड नाही. पण तो जमिनीतून उपसून आणत नाहीत, बनवावा लागतो. पाण्यातून वीज सोडून एक किलो काढायला ५० ते ५५ युनिट लागतात. नंतर तो ३५० बारला (हवेच्या दाबाच्या साडेतीनशे पट) दाबायचा, गाडीत भरायचा आणि फ्युएल सेलमध्ये पुन्हा वीज करायची. तिथे निम्म्याच्या आसपास ऊर्जा उष्णता होऊन जाते.

तुमच्या फेरीला लावून बघू. जड फ्युएल सेल ट्रकला १०० किलोमीटरला आठ किलो धरले तर फेरीला ३२ किलो. किलोमागे दाबण्यासकट ५५ युनिट धरा, झाले १,७६० युनिट. तीच फेरी बॅटरीच्या ट्रकने केली तर किलोमीटरला १.४ युनिट आणि चार्जिंगची घट धरून साधारण ६३० युनिट. कारखान्याच्या दराने, युनिटला ८ रुपये धरले, तर बॅटरीला पाच हजार आणि हायड्रोजनला नुसत्या विजेचे चौदा हजार. तुमचं डिझेल नव्वदच्या आसपासच्या भावाने पावणेअकरा हजारांचं.

स्वस्त सौर वीज मिळाली तर चित्र बदलतं हे खरं. तीन रुपये युनिटने ३२ किलोला सव्वापाच हजारांची वीज. पण इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, ही कोट्यवधींची मशिनरी, आणि नुसत्या सौर विजेवर ती दिवसातले पाच-सहा तासच पूर्ण ताकदीने चालणार. बाकी वेळ भांडवल पडून. व्याज कुठे जातं? किलोच्या भावात. पानिपत रिफायनरीसाठी वर्षाला १०,००० टनांच्या हरित हायड्रोजनचा भाव ३९७ रुपये किलो निघाला. तोही रिफायनरीच्या आत वापरायच्या मालाचा. दाबून, ट्रेलरवर घालून, आडगावच्या पंपापर्यंत आणायचा खर्च त्यावर आला.

एकलहरेकर

हायड्रोजन आपल्या नाशिकला नवा नाही, हे आधी नोंदवतो. मी औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालो. एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे जे संच आहेत, तसल्या जनरेटरमध्ये हायड्रोजन भरलेला असतो. जाळायला नाही, थंड ठेवायला. रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो. हवेत तो फिरवला तर घर्षणातच बरीच शक्ती जाते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, आणि उष्णता वाहून न्यायला हवेच्या सातपट सरस. म्हणून जगभर मोठ्या जनरेटरमध्ये तोच वापरतात.

तो भरायची रीत सांगतो, कारण सगळी सुरक्षितता तिथेच आहे. हवेने भरलेल्या जनरेटरमध्ये हायड्रोजन कधीही थेट सोडायचा नाही. आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढायची, शुद्धता मोजायची, मग हायड्रोजन आत घ्यायचा. देखभालीसाठी उघडायचं असेल तर उलट क्रम. हवा आणि हायड्रोजन यांची भेट होऊच द्यायची नाही, कारण हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो, आणि ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते. त्याला वास नाही. ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सील ऑइलचा दाब गॅसच्या दाबापेक्षा थोडा जास्त ठेवावा लागतो, आणि पाळीतला माणूस त्या फरकाच्या काट्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो. पाळी बदलताना पहिली चौकशी हायड्रोजनच्या दाबाची आणि शुद्धतेची.

हे सगळं घाबरवायला लिहीत नाही. शिस्त असेल तर हा वायू वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहतो. उघड्यावर गळला तर झपाट्याने वर निघून जातो, पेट्रोलच्या वाफेसारखा जमिनीलगत साचत नाही. पण आमच्याकडे दाब असायचा तीन-साडेतीन किलोचा (साधारण तितकेच बार) आणि हाताळणारी माणसं शिकलेली. ट्रकच्या टाकीत ३५० बार, पंपाच्या साठ्यात त्याहून जास्त. जून २०१९ मध्ये नॉर्वेत सँडविकाजवळच्या पंपावर स्फोट झाला, त्याचं कारण चौकशीत निघालं ते साठ्याच्या टाकीवरच्या प्लगचे बोल्ट नीट आवळले नव्हते. यंत्र चांगलं होतं, जोडणीत कसर राहिली. म्हणून माझा आग्रह आहे की पंप येण्याआधी आयटीआयमध्ये याचा अभ्यासक्रम यावा. नोझल हातात धरणाऱ्या पोरापर्यंत हे शिक्षण गेलं पाहिजे.

थळघाट

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. हायड्रोजन वर जातो म्हणता, बोगद्यात वर छत आहे. मग तिथे काय?

एकलहरेकर

प्रश्न रास्त आहे. छताशी साचू नये म्हणून हवा खेळती ठेवणारे पंखे आणि गॅस ओळखणारे सेन्सर, दोन्ही लागतात. गाडीच्या टाकीला उष्णतेने उघडणारा झडप-प्लग असतो. आग लागली तर टाकी फुटू न देता तो वायू एका दिशेने सोडून देतो. ती दिशा बोगद्यात कुठली असावी, यावर युरोप आणि जपानमध्ये बरंच काम झालेलं आहे. आपल्याकडे अशा गाड्या बोगद्यातून नियमित सोडण्याआधी अग्निशमन दलाची तालीम झालीच पाहिजे.

सातपूर_टूलरूम

वजनाचा मुद्दा कोणी काढला नाही. आमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे हायड्रोजनचे लाल सिलिंडर येतात, व्हॉल्व्हचे आटे डावे. दोन माणसांनी तिरपा करून गोल गोल फिरवत न्यायचा तो सिलिंडर पन्नास-साठ किलोचा असतो आणि १५० किलोच्या दाबाला त्यात हायड्रोजन भरतो जेमतेम अर्धा किलो. लोखंड वाहतोय की गॅस, असा प्रश्न पडतो. मोठ्या नळ्यांचा अख्खा ट्रेलर आणला तरी त्यावर तीनशे-चारशे किलोच माल येतो. म्हणजे द्राक्षवाट यांच्या दहा-बारा फेऱ्यांसाठी एक पूर्ण ट्रेलर दुसरीकडून भरून आणायचा. गाडीवरच्या टाक्या कार्बन फायबरच्या असतात, त्या हलक्या, पण महाग. भर म्हणजे हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, त्यामुळे पाइप, व्हॉल्व्ह, फिटिंग सगळं वेगळ्या दर्जाचं लागतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मायको सर्कल हे नाव ज्या कारखान्यावरून पडलं, तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. त्या एका कामावर सातपूर-अंबडमधली किती छोटी वर्कशॉप उभी राहिली याची मोजदाद नाही. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात फट असते दोन-चार मायक्रॉनची. सुई इतकी घट्ट बसूनही झिजत नाही, कारण डिझेल स्वतःच तिला वंगण देतं. हायड्रोजन कोरडा. वंगण शून्य, रेणू सगळ्यांत लहान, सीटवर किंचित ओरखडा पडला की गळती. म्हणजे इंजिनात हायड्रोजन जाळायचा तर आजच्यापेक्षा कठीण नोझल लागणार. वेगळा धातू, वेगळं कोटिंग, लॅपिंगची (घासून गुळगुळीत करण्याची) आणखी वरची पायरी.

हे काम ज्यांच्या हातात आहे ती माणसं आपल्या शहरात आहेत. डिझेल कमी होत जाणार हे सगळ्यांना दिसतंय. बॅटरीच्या गाडीत इंजेक्टरच नाही, त्या दिवशी या हातांना काम काय उरणार? म्हणून पंप कधी येईल ते येवो, हायड्रोजन इंजिनाचे सुटे भाग नाशिकने आत्तापासून करायला घेतले पाहिजेत, असं मी पोटतिडकीने सांगतो. सीओईपी, आयआयटीकडे बघत बसायचं कारण नाही.

मीटररीडिंग

सुट्या भागांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. फक्त इंजिनात जाळलेल्या हायड्रोजनबद्दल एक सांगतो. कार्बनचा धूर नाही हे खरं, पण उच्च तापमानाला हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड होतातच. मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) ठेवून ते कमी करता येतात. फ्युएल सेलमधून मात्र नुसतं पाणी बाहेर येतं. उलट फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो, इंजिनाचं त्याहून कमी शुद्धतेवर भागतं.

निफाडची_लेक

शहरातले सगळे विजेचं बोलताय, मी पाण्याचं विचारते. आमच्याकडे आवर्तन कधी सुटणार यावर बाग ठरते. गंगापूर, दारणेतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की काय होतं ते इथे सगळ्यांनी पाहिलंय. त्यात हा पाण्यापासूनचा गॅस. एक किलोला किती पाणी? ते कुणाच्या वाट्याचं?

मीटररीडिंग

ताई, रसायनशास्त्राने किलोला ९ लिटर. पाणी अतिशुद्ध करताना वाया जाणारं आणि यंत्र थंड ठेवायचं धरलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. दिवसाला दहा टनांचा प्लांट, म्हणजे तीनशेच्या वर ट्रेलरफेऱ्यांचं इंधन, घेतला तर २० लिटरच्या हिशोबाने रोज दोन लाख लिटर. दहा हजारी वीस टँकर. औष्णिक केंद्राला लागणाऱ्या पाण्यापुढे हे थोडं आहे. पण गोदावरीच्या खोऱ्यात थोडं म्हणून सोडून देऊ नये, या मताशी मी सहमत आहे. तपोवनातल्या मलजल केंद्रातून प्रक्रिया होऊन जे पाणी नदीत सोडतात, तेच आणखी शुद्ध करून वापरायची अट परवान्यातच घालावी.

निफाडची_लेक

अट कागदावर राहू नये एवढंच. आणि सौर प्लांटसाठी सिन्नर-येवल्याकडची जमीन घेणार असाल तर ती विकत नको, भाड्याने घ्या. वर्षाला भाडं ठरवा, शेतकऱ्याच्या नावावर सातबारा राहू द्या.

एक शंका. "हायड्रोजन म्हणजे प्रदूषण नाही" असं सरसकट म्हणतात, ते कितपत खरं?

मीटररीडिंग

कशापासून बनवला त्यावर आहे. आज देशात रिफायनऱ्यांत आणि खतांच्या कारखान्यांत वापरला जाणारा जवळजवळ सगळा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून येतो, आणि त्यात किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ठरवलं की किलोमागे दोन किलोंच्या आत असेल तरच त्याला हरित म्हणायचं. जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवून. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही स्वतःचं धोरण आणलं. माझं स्पष्ट मत: हा हरित माल आधी खतांना आणि रिफायनऱ्यांना द्या. त्यांना हायड्रोजनवाचून पर्यायच नाही. गाड्यांना आहे.

पंचवटी_रिक्षा

मी सीएनजीवर रिक्षा चालवतो. गाड्या आधी वाढल्या, पंप मागून आले. रांगेत उभं राहून निम्मा धंदा बुडाल्याचे दिवस आम्ही काढलेत. प्रेशर नाही म्हणून अर्धी टाकी भरून परत पाठवायचे. हायड्रोजनचं तसं होणार नाही याची खात्री कोण देणार?

थळघाट

भाऊ बरोबर बोलले. कॅलिफोर्नियात शेलने फेब्रुवारी २०२४ मध्ये कारचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. ज्यांनी हौसेने मिराई (टोयोटाची हायड्रोजन कार) घेतल्या त्यांची गाडी उत्तम, पण भरायला जागा शोधत फिरायचं. एका मार्गावर एकच पंप असेल आणि तो कॉम्प्रेसर बिघडला म्हणून बंद असेल, तर कंटेनरमधल्या द्राक्षाचं काय? त्याला शून्य-एक अंशावर राहायचं असतं, पंप दुरुस्त होईपर्यंत ते थांबत नाही.

मी या रस्त्यावर आयुष्य काढलंय, म्हणून घाटाचं सांगतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. आपला माल भरून खाली जातो, वर येताना गाडी बहुतेक हलकी. उतारावर आज आपण काय करतो? इंजिन ब्रेक, एक्झॉस्ट ब्रेक, ड्रम तापून वास सुटेपर्यंत. ती सगळी शक्ती वाया. बॅटरीच्या ट्रकमध्ये तीच मोटर उलटी चालून वीज साठवते. मीटररीडिंग, किती होते ते काढा.

मीटररीडिंग

३३ टनांची गाडी सहाशे मीटर उतरली तर गणिताने ५० ते ५५ युनिट. घर्षण, वारा, यंत्राची घट जाऊन निम्मी हाती लागली तरी अठरा-वीस किलोमीटरची चाल फुकट. फ्युएल सेल ट्रकलाही छोटी बॅटरी असते, तीही काही भाग साठवते, पण लांब उतारावर लवकर भरते. हायड्रोजन इंजिनाच्या ट्रकला यातलं काहीच परत मिळत नाही.

द्राक्षवाट (धागाकर्ता)

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. बॅटरीच्या वजनाची माझी धास्ती होती. चारशे युनिटची बॅटरी म्हणजे अडीच-पावणेतीन टन, तेवढा माल कमी. पण द्राक्षाच्या कंटेनरमध्ये पॅलेटांनी जागा आधी भरते, वजनाची मर्यादा नंतर येते. तेरा-चौदा टनांवर माल जातच नाही. म्हणजे द्राक्षाला वजन आड येत नाही, कांद्याला येतं.

आणि थांबण्याचं म्हणाल तर न्हावा शेव्याला रांगेत तास जातातच. जेएनपीएने (तिथल्या बंदर प्राधिकरणाने) २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे जड ट्रक सुरू केलेत. आम्हाला खालच्या टोकाला तशी सोय मिळाली तर दुहेरी फेरीची चिंता मिटते.

मग हायड्रोजन कुठे? मला आता तो लांब पल्ल्याला दिसतो. आमच्या ओळखीतल्यांचा कांदा आणि द्राक्ष रस्त्याने बंगालपर्यंत, पुढे बांगलादेशच्या सीमेपर्यंत जातात. दोन हजार किलोमीटरच्या वर. तिथे दर तीनशे किलोमीटरला तास-दीड तास चार्जिंगला थांबणं मालाला परवडत नाही, आणि वजनही पुरेपूर भरलेलं असतं. पण त्यासाठी सबंध मार्गावर पंप हवेत, एका नाशकात असून भागणार नाही.

मनमाडचा

लांब पल्ल्याचा कांदा रेल्वेने पाठवा ना! आपल्याकडे लाइन विजेवर आहे, तिथे हायड्रोजनचं कामच नाही. रेल्वेने जींद-सोनीपत या ८९ किलोमीटरच्या मार्गासाठी हायड्रोजन गाडी बांधली, आणि वारसा मार्गांच्या यादीत माथेरान आहे. जिथे तारा ओढणं अवघड, तिथे ती शोभते. जर्मनीत लोअर सॅक्सनीने २०२२ मध्ये १४ हायड्रोजन गाड्यांचा ताफा आणला आणि पुढच्याच वर्षी यापुढे बॅटरीच्या गाड्या घ्यायचं ठरवलं, कारण त्या चालवायला स्वस्त. एवढं पुरेसं बोलकं आहे.

पंचवटी_रिक्षा

२०२७ च्या सिंहस्थासाठी हायड्रोजन बस आणा असं एका सभेत ऐकलं. खरंच आणाव्यात का?

एकलहरेकर

प्रात्यक्षिक म्हणून एखाद-दुसरी, गर्दीपासून दूरच्या मार्गावर, जरूर. रामकुंडाकडे लाखोंची गर्दी लोटते त्या दिवसांत नव्या इंधनाचा पहिला प्रयोग करू नये. माझं यावर दुमत नाही.

सातपूर_टूलरूम

द्राक्षवाट, लांब पल्ल्याच्या तुमच्या मताशी सहमत. इंजिनवाल्या ट्रकच्या चाचणीतून झिजलेले नोझल बघायला मिळाले तर आमच्याकडचे दोन-तीन जण स्वतःच्या खर्चाने पुण्याला जायला तयार आहेत. कुणाची ओळख असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

द्राक्षवाट (धागाकर्ता)

निरोप केला आहे.

आमच्याकडे सध्या असं ठरतंय: एक ट्रेलर डिझेलचाच, कांद्यासाठी. दुसऱ्यासाठी इलेक्ट्रिकचं कोटेशन मागवलंय आणि आडगावच्या गोडाऊनला वाढीव वीजभार मिळतो का याचा अर्ज टाकलाय. हंगाम सुरू झाला की फेरीचं डिझेल, जेनसेटचं डिझेल आणि गेटवरचे तास वेगवेगळे लिहून इथेच टाकेन.

आता एक अडलेला प्रश्न. जेनसेट काढून रीफर ट्रकच्याच बॅटरीवर चालवायचा विचार आहे. रीफरचा प्लग थ्री फेज, ४४० व्होल्ट, ३२ अँपिअरचा. मधे इन्व्हर्टर कुठला बसवावा, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याने सोसावा म्हणून किती क्षमतेचा घ्यावा? अंबडमध्ये कुणी असं काम केलं असेल तर सांगा.